धानाच्या जिल्ह्यात मधमाशीची परिषद



स्वागत समितीच्या वतीनं मी आपलं भंडारा जिल्ह्यात मनापासून स्वागत करते. तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी अशा सगळ्या तालुक्यांतून शेतकरी आले आहेत, बचत गटांच्या ताई आल्या आहेत. वन आणि कृषी खात्याची माणसं आहेत, बाहेरच्या जिल्ह्यांतले मधपाळ आहेत. कोका अभयारण्याच्या काठावरच्या गावांमधून, उंच झाडांवरचं मोहोळ उतरवणारी मंडळी आली आहेत. त्यांना मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसायची विनंती केली. मधमाशीबद्दल बोलायचं आणि तिला सगळ्यात जवळून पाहिलेल्या माणसांना मागे बसवायचं, हे मला पटलं नसतं.

ही परिषद ठरली तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं की भंडाऱ्यात मधमाशीचं काय काम? प्रश्न रास्त आहे. आपला जिल्हा धानाचा, आणि धानाला मधमाशी लागत नाही. धानाचं फूल सकाळी थोडा वेळ उघडतं, स्वतःच्याच परागानं फळतं आणि मिटतं. चिन्नोरच्या लोंबीत दाणा भरतो, त्यात मधमाशीचा वाटा नाही. हे आपण मोकळेपणानं मान्य करू. पण मला वाटतं, नेमकं यामुळेच आपण तिला विसरलो. मुख्य पिकाचं तिच्यावाचून अडत नाही, म्हणून बाकी ज्या ज्या गोष्टींचं अडतं त्यांच्याकडे आपलं लक्षच गेलं नाही.

सांदवाडीतल्या कोहळ्याच्या वेलाकडे पाहा. त्याची नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. पराग जड आणि चिकट, वाऱ्यानं उडत नाही. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं. तेवढ्या वेळात कुणी तरी एका फुलावरचा पराग दुसऱ्या फुलावर नेला पाहिजे. तो गेला नाही, की बोटाएवढं फळ पिवळं पडून गळतं. कारली, दोडका, काकडी, सगळ्यांची हीच गत. फळ गळालं की आपण रोग आला समजून औषध फवारतो आणि जी थोडीफार माशी येत होती तीही घालवतो. मोहरीला, कांद्याच्या बियाण्याला, तिळाला मधमाशीचा मोठा आधार आहे. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी जवळजवळ ७५ टक्के पिकं कमी-अधिक प्रमाणात कीटक, पक्षी, वटवाघळं यांनी केलेल्या परागीकरणावर अवलंबून आहेत, असं संशोधक सांगतात. भात पोट भरतो, पण ताटातली भाजी, फोडणीतलं तेल आणि लेकरांच्या हातातलं फळ बऱ्याच अंशी या जिवांच्या मेहनतीतून येतं. जंगलातल्या जांभळाचं, आवळ्याचं, हिरड्या-बेहड्याचंही तेच. तिथं पेरायला माणूस जात नाही. तिथं फळ धरलं तर बी पडतं, आणि बी पडलं तर उद्याचं झाड उगवतं.

आपल्याकडे मधमाश्यांच्या मुख्यतः चार जाती आहेत. झाडाच्या पोकळीत एकाशेजारी एक पोळी बांधणारी सातेरी, झुडपात तळहाताएवढं पोळं लावणारी फुलोरी, भिंतीच्या फटीत राहणारी, नांगी नसलेली इवलीशी पोया, आणि आग्या. पेटीत नांदते ती सातेरी. आग्या माशी पेटीत कधीच राहत नाही. ती वडावर, अर्जुनावर, पाण्याच्या टाकीखाली उघड्यावर एकच प्रचंड पोळं बांधते आणि ऋतू बदलला की मुलूख सोडून जाते.

आता एक गोष्ट मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या मते या परिषदेचा गाभा तोच आहे. फेब्रुवारीपासून मेपर्यंत आपल्या जिल्ह्यात मधमाशीची चंगळ असते. सावर, पळस, मोह, कडुनिंब, जांभूळ, करंज एकामागून एक फुलतात. कडक उन्हात पोळं थंड ठेवायला तिला पाणी लागतं, आणि आपल्या पूर्वजांनी बांधलेल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांच्या काठावर ते मिळतं. मग पाऊस येतो, रोवणी होते, नजर जाईल तिथवर बांध्या हिरव्यागार होतात. आपल्या डोळ्यांना हे समृद्धीचं चित्र दिसतं. मधमाशीसाठी मात्र हा उपासाचा काळ असतो. त्या हिरवाईत मकरंद नाही. पोळ्यात साठवलेल्या मधावर तिला दिवस काढायचे असतात, आणि तोच मध आपण उन्हाळ्याच्या शेवटी ओरबाडून नेलेला असतो.

पूर्वी या काळात तिला धुरा, म्हणजे शेताचा बांध, सांभाळायचा. धुऱ्यावर तीळ असायचा, पुढे तूर फुलायची, रानतुळस असायची. धान निघाल्यावर ओलीवर लाखोळी, जवस, मोहरी यायची. आज कित्येक ठिकाणी धुरा तणनाशकानं जाळला जातो, आणि पाणी आलं तिथं रब्बीच्या जागी उन्हाळी धान उभा राहतो. पाण्याला माझा विरोध नाही, ते आपल्या शेतकऱ्यानं फार वाट पाहून मिळवलं आहे. पण धानावर धान घेतला, तर मधमाशीनं खायचं काय?

त्यात फवारणी. धानाला मधमाशी लागत नसली, तरी मधमाशी धानावर येते. सकाळी लोंब्या फुलल्या की ती पराग गोळा करते. त्याच वेळी तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम मारलं, तर ते विष पोळ्यातल्या पिल्लांपर्यंत पोचतं. युरोपीय संघानं ही दोन्ही रसायनं उघड्या शेतात वापरायला २०१८ साली बंदी केली. आपण निदान एवढं करू शकतो, की तुडतुडे खरोखर वाढलेत का ते चुडात वाकून पाहायचं, मगच पंप उचलायचा, आणि फवारायचंच असेल तर संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर फवारायचं. याला एक रुपयाही लागत नाही.

मधाचं उत्पन्न हा यातला दुसरा भाग. इथं आपल्याला विदर्भातच वाट सापडते. गांधीजींच्या प्रेरणेनं १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत घाण्याचं तेल, हातकागद यांच्या जोडीनं मधमाशीपालनाचे प्रयोग झाले. संघाचं काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा यांनी पुढे शाश्वत अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, त्यात स्वतःपुरतं न राबता समूहासाठी राबण्याचं उदाहरण म्हणून मधमाशी आली आहे. त्याच वर्ध्याजवळ दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं आग्या माशीचा मध अहिंसक पद्धतीनं काढायचं शिक्षण आदिवासींना दिलं. आग्या पोळ्यात मध वरच्या बाजूला, फांदीलगत साठतो आणि पिल्लं खालच्या भागात असतात. अंगभर पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापला, तर वसाहत जगते, तो भाग पुन्हा बांधते, आणि हंगामात आणखी एकदा मध मिळू शकतो. टेंभा लावून पोळं जाळलं तर मध एकदाच, तोही राखेचा आणि पिल्लांच्या रसाचा. शिवाय मोहफुलांच्या दिवसांत पडलेली ठिणगी किती जंगल खाते, हे वनरक्षकांना विचारा. पुढच्या रांगेतल्या भावांना मी दोष देत नाही. हातात पोशाख आणि सुरी दिली नाही, तर माणूस टेंभाच उचलणार.

पश्चिम महाराष्ट्रात महाबळेश्वरला १९४६ पासून मधमाशीपालनाचं सरकारी काम चालू आहे आणि तिथल्या मांघरला २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून मान मिळाला. राज्याच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण आहे, पेट्यांवर अनुदान आहे. त्याचा लाभ आपल्या तरुणांनी आणि बचत गटांनी जरूर घ्यावा. पण माझं आग्रहाचं सांगणं आहे की किती पेट्या वाटल्या यावर काम मोजू नका. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या सुमाराला जिथं फूल नाही, तिथं पेटी रिकामीच होणार. आधी धुऱ्यावर तीळ-तूर, तलावाच्या पाळीवर करंज आणि जांभूळ, मग पेटी.

म्हणून स्वागत समितीनं चर्चेसाठी दोन ठराव मांडले आहेत. मोहोळ उतरवणाऱ्या प्रत्येक गावाला पोशाखाचा निदान एक संच आणि प्रशिक्षण मिळावं, आणि प्रत्येक तालुक्यात काही गावांनी मिळून धुरे तणनाशकमुक्त ठेवावेत. त्यात दुरुस्त्या सुचवा, विरोध असेल तर तोही मांडा. दुपारी जेवायला चिन्नोरचा भात आणि लाखोळीच्या डाळीचे वडे आहेत, जेवणानंतर ठरावांवरची चर्चा सुरू होईल. अध्यक्ष महोदयांना विनंती की त्यांनी परिषदेच्या कामाला सुरुवात करावी.