फलकाचे अक्षर आणि पाठाचे अक्षर



मूल वाचू लागण्यापूर्वीच शाळेच्या भिंतीवरील अक्षरे पाहू लागते. त्या अर्थाने भिंतीवरील अक्षर हाही एक शिक्षकच होय. आज अनेक शाळांतून हे अक्षर संगणकावरून छापून येते. कोणत्या कामास कोणते वळण योजावे, याचा निर्णय अर्थातच शिक्षकाकडे येतो. या दृष्टीने ‘मोदक’ नावाच्या फाँटचे उदाहरण उद्बोधक आहे.

मुंबईतील ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने तो सिद्ध केला. त्याचा आरंभ हाताने रेखाटलेल्या अक्षरांतून झाला. देवनागरीचे परंपरागत जाड-बारीक वळण बोरूच्या तिरक्या कापातून आले. मोदकात मात्र सारा भर फुगीरपणावर आहे. नावाप्रमाणेच प्रत्येक अक्षर सारण भरून टम्म झाल्यासारखे दिसते. त्याच्या पोटातील पांढरी जागा आक्रसून केवळ एक बारीक चीर उरते. मुलांना त्याची गंमत वाटते, ती याच गुबगुबीतपणामुळे.

स्नेहसंमेलनाचा फलक, हस्तलिखिताचे मुखपृष्ठ, वाचनकोपऱ्याची पाटी अशा ठिकाणी दोन-तीन शब्द मोठ्या आकारात या वळणाने लिहिले, तर ते दुरूनही लक्ष वेधून घेतात. हा फाँट मुक्त परवान्याखाली असल्याने शाळेस त्याचे मूल्य पडत नाही.

परंतु जे अक्षर बोलावते, ते शिकवतेच असे नाही. ‘घन’ आणि ‘धन’, ‘मात’ आणि ‘भात’ यांतील भेद शिरोरेषेजवळच्या एका लहानशा फटीवर व वळणावर अवलंबून असतो. जाड अक्षरात तीच खूण अस्पष्ट होण्याचा संभव असतो. प्रौढ माणूस संदर्भाने शब्द ओळखतो. पहिलीतील मुलाजवळ तो आधार नसतो. ते चुकते, आणि दोष मात्र त्याच्या बुद्धीस दिला जातो. यास्तव वाचनपट्ट्या व शब्दपत्रे यांसाठी साधे, मोकळे वळणच योजावे. त्याच गटाचा ‘मुक्त’ हा फाँट अशा मजकुरास उपयोगी आहे.

कोणतेही वळण स्वीकारण्यापूर्वी वरील चार शब्द छापून भिंतीवर लावावेत आणि सर्वांत मागे बसणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावेत. तसेच ‘ल’ पाकळीयुक्त व ‘श’ देठयुक्त आहे ना, हेही पाहावे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी हीच रूपे मान्य झाली आहेत.

ज्या शाळेत संगणक नाही, तेथेही काही अडत नाही. मुलांनी दुहेरी रेघेत अक्षर काढावे, त्याचे कोपरे गोल करावेत व आत रंग भरावा. मोदकाचा जन्मही अशाच हाताच्या रेखाटनातून झाला. मुलाने स्वतः फुगवलेले अक्षर त्याला सहसा विसरत नाही.