पंचशील घरात उतरले पाहिजे

(वर्षावासानिमित्त दिलेल्या व्याख्यानातून)



विहारात आपण पंचशील ग्रहण करतो. त्यातले पाचवे शील मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मग आपल्या वस्तीतली चौदा-पंधरा वर्षांची मुले व्यसनाकडे का वळतात? संगत वाईट, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण मुलाला घरापेक्षा ती संगत जवळची का वाटली, हे कोणी विचारत नाही.

या वयात शरीर बदलते, दहावीचे ओझे असते, मन धास्तावलेले असते. घरी प्रश्न एकच, किती मार्क पडले? त्यात बाप पिऊन आला की भांडण, आदळआपट. मूल पुस्तक मिटून कोपरा धरते. त्याच्या छातीत धडधडते, पोट दुखते, झोप लागत नाही. हे ढोंग नव्हे, ही भीती आहे. मित्राने दिलेली पुडी ती भीती घटकाभर विसरायला लावते. नशा उतरली की भीती परत येते, म्हणून पुन्हा पुडी.

दिल्लीच्या एम्सने केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगून करायच्या नशेचे प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के, तर दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आढळले. व्हाइटनर, पंक्चरचे सोल्यूशन या तर हाताशी मिळणाऱ्या वस्तू!

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मद्यपानाचे सहा तोटे सांगितले आहेत: धनहानी, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीचा ऱ्हास. त्याच सुत्तात मुलांना वाईटापासून परावृत्त करणे हे आईबापांचे कर्तव्य सांगितले आहे. पण जो बाप मुलालाच तंबाखूची पुडी आणायला पिटाळतो, तो त्याला कोणत्या तोंडाने परावृत्त करणार?

म्हणून पालकहो, रात्रीचे जेवण एकत्र करा. मार्कांआधी मुलाचा दिवस कसा गेला ते विचारा. खिशात पुडी सापडली तर पट्टा काढू नका, डॉक्टरकडे न्या. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. शासनाच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर मोफत फोन करता येतो. विद्यार्थी मित्रहो, भीती वाटणे हा गुन्हा नाही. आईला सांगा, शिक्षकांना सांगा, पण एकट्याने सोसू नका.

शील विहारात म्हटले जाते, पण मूल ते घरात पाहून शिकते.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!