दुवाही आणि दवाही

गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात उनावा गावी मीरा दातार दर्गा आहे. कुणाला भास होतात, कुणाच्या अंगात येतं, कुणाची झोपच उडालेली. अशी माणसं इथं लांबून येतात, आपल्या महाराष्ट्रातूनही. आल्यावर आधी गाठ पडते ती मुजावराची, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्याची.

२००८ च्या सुमारास इथं ‘दवा-दुआ’ उपक्रम सुरू झाला. मुजावरांना मानसिक आजारांची लक्षणं ओळखायला शिकवलं आणि दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञांची सोय केली. दुवा बंद करायला कुणी सांगितलं नाही. शहाणपण नेमकं इथं आहे, असं मला वाटतं. ‘डॉक्टरकडे जा’ हे मुजावर म्हणाला, की घरचे ऐकतात.

अशा प्रशिक्षणात शिकायचं काय? मुख्य म्हणजे गप्प बसायला. दुःख सांगणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही, लगेच उपाय सांगायचा नाही, ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. जीव नकोसा झालाय का, हेही सरळ विचारायचं. विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. आणि फीट, आत्महत्येचा विचार, अन्नपाणी सोडणं यांपैकी काही दिसलं, तर वेळ न दवडता डॉक्टरांकडे पाठवायचं.

अशा प्रशिक्षणाची निकड का, हे तमिळनाडूतल्या एरवाडी या दर्ग्याच्या गावानं आधीच दाखवलं होतं. ६ ऑगस्ट २००१ ला तिथल्या एका आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले रुग्ण पळूही शकले नाहीत. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधण्यावर बंदी घातली आहे. ती दर्ग्यांना, देवळांना आणि घरांनाही लागू आहे.