लांबचा पक्षी आणि कॅमेऱ्याची नजर

हिवाळा लागला की उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. शाळांच्या सहलीही तिकडे जातात. एखाद्या गुरुजींच्या गळ्यात कॅमेरा असतो, त्याला चारशे मिलिमीटरचे लांब भिंग, आणि तेही पुरेना म्हणून मध्ये दुपटीचा टेलिकन्व्हर्टर बसवलेला. पक्षी जवळ दिसतो खरा, पण बटण अर्धे दाबले की भिंग नुसते पुढेमागे फिरते, नाहीतर मुळीच हलत नाही. "मोटर गेली वाटतं!" असे म्हणून भिंग दुरुस्तीला धाडले जाते. वर्गणी काढून घेतलेल्या वस्तूवर हा भुर्दंड कशाला? आधी थोडे तपासून पाहावे.

बहुतेक वेळा गोष्ट उजेडाची असते. टेलिकन्व्हर्टर चित्र मोठे करतो, पण फुकट नाही करत. १.४ पटीचा लावला तर उजेड निम्मा होतो. दुपटीचा लावला तर पाव उरतो. भिंगाचे छिद्र एफ ५.६ असेल, तर ते पहिल्याने एफ ८ आणि दुसऱ्याने एफ ११ होऊन बसते. आता आरशाच्या कॅमेऱ्यात फोकस जुळवणारे सेन्सर निराळे असतात. भिंगाच्या दोन बाजूंनी आलेले किरण ते एकमेकांशी ताडून पाहतात. पुष्कळ कॅमेऱ्यांत ही सोय एफ ५.६ पर्यंतच असते. काहींत मधला बिंदू तेवढा एफ ८ ला चालतो. छिद्र त्याहून अरुंद झाले की कडेचे किरण सेन्सरपर्यंत पोचतच नाहीत. मोटर बिचारी काय करील? बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यांत मुख्य सेन्सरच हे काम करतो. त्यांतले पुष्कळसे एफ ११ लाही निभावतात, पण जरा सावकाशीने.

तेव्हा कन्व्हर्टर काढा आणि नुसत्या भिंगाने, चांगल्या उन्हात, दूरच्या एखाद्या ठळक पाटीवर फोकस घ्या. बसला? मग भिंग ठणठणीत आहे. दुपटीऐवजी १.४ चा लावून, मधला बिंदू निवडून पाहा.

नाही बसला, तर भिंगावरचे खटके पाहा. ऑटोचा खटका सरकलेला असतो, हे तर नेहमीचेच. फसवतो तो दुसरा, अंतराच्या मर्यादेचा. तो 'दूर'वर राहिला, तर जवळच्या बोरीवरचा बुलबुल काही केल्या स्पष्ट व्हायचा नाही. त्यानंतर भिंग, कन्व्हर्टर आणि कॅमेरा यांच्या जोडावरचे धातूचे ठिपके मऊ, कोरड्या फडक्याने पुसा. निरोप त्यांच्यातूनच जातो. एवढे करूनही नुसते भिंग चालेना, तर मात्र खुशाल दुरुस्तीला न्यावे.

आणि दुपारची वेळ असेल, तर सगळे ठीक असूनही पंख विरघळल्यासारखे येतात. तापलेल्या काठावरची हवा थरथरत असते, आणि लांब भिंग ती थरथरही मोठी करून दाखवते. याला कुठला खटका नाही. कोवळ्या उन्हात फोटो उरकावेत, आणि दुपारी डबे सोडावेत.