बेगमी आणि साठेबाजी

घरात धान्य भरून ठेवण्याच्या एकाच क्रियेला मराठी भाषेने दोन नावे दिली आहेत. एक 'बेगमी' आणि दुसरे 'साठेबाजी'. पहिल्या शब्दात गृहिणीच्या दूरदृष्टीचे कौतुक आहे. दुसरा उच्चारताच सरकारी छापा आणि कुलूप ठोकलेले गुदाम डोळ्यांपुढे येते. पोती मात्र दोन्ही ठिकाणी तीच असतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा, आणि मे २०२५ मध्ये सीमेवर तोफांचे आवाज ऐकू येऊ लागले तेव्हाही, घरोघरी हाच प्रश्न विचारला गेला : धान्य किती भरून ठेवावे? कोठपर्यंत ते शहाणपण आणि कोठून पुढे अतिरेक? या प्रश्नाचे उत्तर केवळ पोत्यांच्या संख्येत शोधल्यास हाती लागत नाही. ती पोती केव्हा घेतली, ती वेळेवर खाल्ली जातात काय, आणि ती घेताना दुसऱ्याच्या ताटातले काही उचलले गेले काय, हे पाहावे लागते.

बेगमीची जुनी रीत कशी होती, ते प्रथम पाहणे इष्ट होईल. रब्बीचा गहू, ज्वारी आणि हरभरा चैत्र-वैशाखाच्या सुमारास बाजारात येतो. त्या वेळी आवक मोठी असते, भाव उतरलेले असतात आणि धान्य वाळविण्यास कडक ऊनही मिळते. पुढे मृग लागला की ओढे-नाले भरून वाटा बंद होत. म्हणून देशावर कणगी आणि बळदे भरीत, कोकणात भाताचे मुडे बांधीत, आणि माळव्यातील मराठी घरांतही गव्हाची वर्षाची खरेदी उन्हाळ्यातच उरकीत. पापड, कुरडया, सांडगे ही वाळवणे त्याच उन्हात होत. गोव्यात या तरतुदीला 'पुरुमेंत' म्हणतात. हा शब्द तरतूद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला. मडगावास पावसाळ्यापूर्वी भरणाऱ्या पुरुमेंताच्या फेस्तात सुकी मासळी, मिरच्या, चिंच, आमसुले, मीठ आणि कांद्याच्या माळा यांची खरेदी होते.

या रीतीत तीन गोष्टी आपोआप सांभाळल्या जात. संकट ठाऊक असे, कारण पावसाळा दरवर्षी ठरल्या वेळी येई. खरेदी सुकाळात होई. त्यामुळे शेतकऱ्याच्या मालाला उठाव मिळे आणि कोणाचेही वाण अडत नसे. आणि भरलेले धान्य वर्षाच्या आत संपे. बेगमीला समाजात जी प्रतिष्ठा लाभली, ती या तीन गोष्टींमुळे होय.

आज रस्ते बारमाही झाले, दुकाने गल्लोगल्ली झाली; तेव्हा बेगमीची आवश्यकताच उरली नाही, असे कोणी म्हणेल. परंतु अनुभव तसा नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि देशातील सर्वांत मोठे शहर ठप्प झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा यांना आलेल्या महापुराने कोल्हापूर-सांगलीला वेढले. बेळगाव जिल्ह्यातील नदीकाठची गावेही पाण्याखाली गेली. पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस बंद राहिला, आणि मालमोटारींच्या रांगा दोन्ही बाजूंना तिष्ठत उभ्या राहिल्या. अशा वेळी जवळचे दुकान उघडे असूनही रिकामे असू शकते.

तथापि या सर्व प्रसंगांत एक बाब समान आढळते. पुरवठा तुटला तो काही दिवसांपुरता; वर्षभरासाठी नव्हे. २०२० च्या टाळेबंदीतही किराणा मालाची दुकाने उघडी ठेवण्यास मुभा होती. अन्य देशांनी आपल्या नागरिकांना केलेल्या सूचनाही याच मापाच्या आहेत. वारंवार भूकंप सोसणारा जपान किमान तीन दिवसांची आणि शक्य तर आठवड्याची तरतूद ठेवण्यास सांगतो. स्वित्झर्लंड सुमारे आठवड्याची, तर जर्मनी दहा दिवसांची शिफारस करतो. युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये किमान ७२ तासांचा आग्रह धरला. यांपैकी कोणतेही शासन वर्षाचे धान्य माजघरात रचून ठेवा, असे सांगत नाही.

आपल्याकडील पावसाळा आणि पूर लक्षात घेऊन पंधरवड्याचे माप धरले तर हिशेब सोपा आहे. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम धान्य आणि ७५ ग्रॅम डाळ धरल्यास पाच माणसांच्या कुटुंबाला चौदा दिवसांत २८ किलो धान्य आणि सव्वापाच किलो डाळ लागेल. जोडीला दोन किलो तेल, मीठ, गूळ आणि चहा-साखर. एवढी सामग्री लहान बिऱ्हाडातही दोन-तीन डब्यांत मावते. यासाठी वेगळी खोली लागत नाही, की कर्ज काढावे लागत नाही.

या हिशेबात दोन वस्तू नेहमी विसरल्या जातात : पाणी आणि सरपण. मराठ्यांच्या राज्यकारभाराचे धोरण सांगणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त किल्ला बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, असा दंडक आहे. एका झऱ्यावर संतुष्ट न राहता तळी-टाकी बांधून पाणी राखावे, असेही तेथे बजावले आहे. कारण युद्धात तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात. कोठारे धान्याने भरली असली तरी पाण्यावाचून गड लढविता येत नाही, हे त्या काळच्या मुत्सद्द्यांना पक्के ठाऊक होते. महापुरात नळयोजना बंद पडल्यावर शहरातील चौथ्या मजल्याचीही तीच अवस्था होते. म्हणून पिण्याच्या पाण्याची झाकलेली भांडी, भरलेली दुसरी टाकी, आणि चुलीवाचून खाता येतील असे पदार्थ हाताशी असावेत. याबाबतीत मराठी स्वयंपाकघर संपन्न आहे. पोहे, चुरमुरे, लाह्या, फुटाणे, शेंगदाणे, गूळ आणि मेतकूट यांतले काहीही शिजवावे लागत नाही. घरात लहान मूल वा आजारी माणूस असल्यास त्याचे दूध व औषध यांची तरतूद धान्याच्याही आधी करावी.

याहून पुष्कळ अधिक भरले तर काय बिघडते? पहिले नुकसान घरातच होते. धान्यात ओल राहिली की बुरशी येते. गहू-तांदळात सोंडे आणि डाळींत भुंगे होतात. पीठ कडू होते आणि तेलाला खवट वास सुटतो. जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो हे खरे, परंतु हा गुण प्रत्येक जिन्नसात नसतो. पूर्वी धान्य कडकडीत वाळवून त्यात कडुलिंबाचा पाला आणि बिब्बे घालीत, डाळींना एरंडेल चोळीत, आणि अधूनमधून ते उन्हात पसरून निवडीत. बंद पेव उघडताच माणूस आत उतरत नसे. कारण कोंडलेल्या वायूने जीव जाण्याचे भय असे. शिवकाळात किल्ल्यावरील सामग्रीचा हिशेब ठेवण्यासाठी कारखानीस नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमलेला असे. तात्पर्य, साठा हा सांभाळण्याचा विषय आहे. ज्या घरात तो सांभाळण्यास वेळ आणि हात नाहीत, तेथे मोठा साठा म्हणजे किड्यांची बेगमी होय. जुने आधी वापरावे आणि संपेल तेवढेच नवे आणावे, हा आजीचा नियम जपानमध्येही आपत्कालीन तरतुदीसाठी मुद्दाम शिकविला जातो.

दुसरे नुकसान घराबाहेर होते आणि ते अधिक गंभीर आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये मीठ संपले अशी आवई उत्तर भारतात उठली. हिंदुस्थानाला हजारो किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे आणि मिठाच्या उत्पादनात तो जगातील अग्रगण्य देशांत मोडतो. तरीही दिल्ली आणि उत्तर प्रदेशातील बाजारांत रात्री रांगा लागल्या आणि काही ठिकाणी मीठ नेहमीच्या कित्येक पट भावाने विकले गेले. मिठाचा तुटवडा त्या दिवशी नव्हता. तो रांगांनी निर्माण केला. दुकानदार नेहमीच्या खपाच्या बेताने माल ठेवतो. शंभर घरांनी एकाच संध्याकाळी महिन्याचा माल उचलला तर एकशे पहिल्या घरासाठी फळी रिकामी राहते, मग देशातील कोठारे कितीही भरलेली असोत.

ही भीती कोणत्या टोकाला जाऊ शकते, याचे दारुण उदाहरण बंगालने १९४३ साली पाहिले. आदल्या वर्षी ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती पडून तेथील तांदूळ बंद झाला होता. ऑक्टोबरात वादळाने पिकांची हानी केली होती. आणि युद्धखर्चामुळे भाव चढत होते. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, १९४३ मधील उपलब्ध धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे पाच टक्केच कमी होते आणि १९४१ पेक्षा तर ते अधिकच होते. शासनाचे चुकलेले धोरण, व्यापाऱ्यांची नफेखोरी आणि धास्तावलेल्या लोकांची खरेदी यांनी भाव गगनाला भिडले. चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे पंधरा लाख सांगितली. नंतरच्या अभ्यासकांनी ती तीस लाखांच्या घरात नेली. मेले ते भूमिहीन शेतमजूर, कोळी आणि गावचे कारागीर. ज्यांना साठा करणे कधीच शक्य नव्हते ते.

येथेच बेगमीच्या प्रश्नाचा सामाजिक गाभा दिसतो. साठ्याला पैसा लागतो आणि जागा लागते. रोजच्या मजुरीतून रोजचे पीठ आणणाऱ्या कुटुंबाला 'पंधरा दिवसांचे भरून ठेवा' असे सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल. त्यांची बेगमी समाजाने, म्हणजेच शासनाने, करावयाची असते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बेदरच्या सुलतानाची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, ही कथा मराठी माणसाने शतकानुशतके भक्तीने सांगितली, यामागे हेच तत्त्व आहे. स्वतंत्र भारताने १९५५ मध्ये जीवनावश्यक वस्तूंचा कायदा केला, १९६५ मध्ये अन्न महामंडळ स्थापन केले आणि २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा करून पात्र कुटुंबांतील प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला. २०१५ पासूनच्या निकषानुसार दर १ जुलैला केंद्रीय साठ्यात गहू आणि तांदूळ मिळून ४११ लाख टनांहून अधिक धान्य असावे लागते. २०२० च्या टाळेबंदीत रेशनच्या दुकानांतून जादा मोफत धान्य देता आले, ते या कोठारांमुळेच.

अर्थात मोजमापाचा नियम शासनालाही लागू आहे. २००१ मध्ये सरकारी गुदामांत निकषापेक्षा किती तरी अधिक धान्य पडून असता दुष्काळी भागांत माणसे उपाशी होती. तेव्हा पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेला सर्वोच्च न्यायालयात दाद मागावी लागली, आणि त्या खटल्यातील आदेशांमुळेच शाळांतून शिजवलेले मध्यान्ह भोजन देशभर पोहोचले. जे धान्य ताटात पोहोचत नाही ते कोठारात सडते, मग कोठार कणगीएवढे असो की रेल्वेच्या फाट्याएवढे.

असा सर्व विचार करता निष्कर्ष सरळ आहे. ज्याला शक्य आहे त्याने पंधरवड्याची तरतूद अवश्य ठेवावी. हंगामात, भाव उतरलेले असताना वर्षाचा गहू भरणाऱ्या घराने ती रीत सोडण्याचेही कारण नाही. मात्र ते धान्य निवडले, वाळवले आणि खाल्ले गेले पाहिजे. अफवा उठलेल्या दिवशी मात्र कोणीही नेहमीपेक्षा अधिक खरेदी करू नये. चैत्रात घेतलेले पोते बेगमी असते; धास्तीच्या संध्याकाळी घेतलेले तेच पोते शेजाऱ्याच्या वाट्यातून आलेले असते.

संकटाच्या पहिल्या दिवशी दुकानापुढे रांग लागणार, हे ठरलेले आहे. ज्या घरात पंधरा दिवसांचे धान्य आधीपासून आहे, त्या घरच्या माणसाला त्या रांगेत उभे राहण्याचे प्रयोजन नसते. तो घरी थांबला म्हणजे हातात त्या दिवसाची मजुरी घेऊन आलेल्या माणसाचा क्रमांक एकाने पुढे सरकतो, आणि त्याच्या पाळीला फळीवर किलोभर पीठ शिल्लक असते.