सौदामिनीचं जहाज आणि बँकेतली सही

इअरफोन लावलेत ना? आजचा भाग थोडा वेगळा आहे. नेहमीसारखी सिनेमाची गोष्ट आहेच, पण मधे थोडं घरचंही बोलणार आहे. ते आईला विचारूनच बोलतोय. ती म्हणाली, "सांग, पण बँकेचं नाव नको घेऊ." नाही घेणार.

तर विषय आहे समुद्री चाच्यांचा सिनेमा.

आता हसू नका. मी बुलढाणा जिल्ह्यातला, चिखलीचा. आमच्याकडे खारं पाणी म्हटलं की लोणारचं सरोवर. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात पडलेला खड्डा, पावणेदोन-एक किलोमीटर रुंद. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी फोटो फॉरवर्ड केले होते, आठवतंय? तर तेवढंच आमचं खारं पाणी. खरा समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला, तेही सहलीत. पण चाच्यांच्या गोष्टींचं वेड लहानपणापासून होतं.

मागच्या महिन्यात एका रात्री डिप्लॉयमेंट अडकलं होतं, सर्व्हरकडे बघत बसायचं होतं. तेव्हा बाजूच्या स्क्रीनवर 'कॅप्टन ब्लड' लावला. १९३५ चा, ब्लॅक अँड व्हाइट. राफाएल सबातिनीच्या १९२२ च्या कादंबरीवरून काढलेला. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ, हिरो एरॉल फ्लिन. तेव्हा फ्लिनला कोणी ओळखत नव्हतं. हिरॉइन ऑलिव्हिया द हॅविलंड, वय फक्त एकोणीस. पुढे या जोडीने आठ सिनेमे केले, त्यातला हा पहिला.

गोष्ट अशी. साल १६८५, इंग्लंड. राजाविरुद्ध बंड झालेलं. पीटर ब्लड हा डॉक्टर, बंडाशी त्याचा काही संबंध नाही. पण एका जखमी बंडखोराला मलमपट्टी केली म्हणून त्यालाही राजद्रोही ठरवतात, आणि जमैकात नेऊन गुलाम म्हणून विकतात. तिथून तो पळतो, जहाज मिळवतो आणि चाचा होतो. म्हणजे मुळात तो लुटारू नाहीच. न्यायासनावर बसलेल्या माणसाने त्याला कायद्याच्या बाहेर ढकललंय.

आणि गंमत म्हणजे त्यातली बरीचशी जहाजं म्हणजे स्टुडिओतली छोटी मॉडेल्स आहेत, आणि काही समुद्राचे शॉट १९२४ च्या एका मूकपटातून उचललेत. जुना कोड कॉपी करून नव्या प्रोजेक्टमध्ये टाकणं हे आपल्या आधीपासून चालू आहे, मंडळी.

सिनेमा संपला. डिप्लॉयमेंट अजून अडकलेलंच. मनात आलं, आपल्याकडे असला सिनेमा कधी झाला का? शोधलं, आणि सापडला! 'अमर ज्योती', १९३६. 'कॅप्टन ब्लड' डिसेंबर १९३५ मध्ये आला, म्हणजे हा जवळपास त्याच्या पाठोपाठ. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. भाषा हिंदी. हा कादंबरीवरचा नाही. पण चाच्यांचा प्रमुख आहे एक बाई.

बाईचं नाव सौदामिनी. भूमिका दुर्गा खोटेंची.

प्रभातचं थोडं सांगतो. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली कंपनी, १९३३ मध्ये पुण्यात आली. आज तिच्या जागेवर एफटीआयआय आहे, लॉ कॉलेज रोडला. पुण्यात राहणाऱ्यांनो, प्रभात रोडचं नाव याच प्रभातचं. पुण्यालाही समुद्र नाही, हे पाहून मला जरा बरं वाटलं! १९३६ मध्ये याच स्टुडिओने 'संत तुकाराम'पण काढला. विचार करा, एका गेटच्या आत एकीकडे इंद्रायणी आणि दुसरीकडे चाच्यांचं जहाज. 'अमर ज्योती' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही दाखवला गेला.

आता कथा. शेवट सांगत नाही, काळजी करू नका. एक जुनं काल्पनिक राज्य, समुद्रकाठचं. गादीवर राणी आहे, पण कायदे सगळे पुरुषांच्या बाजूचे. सौदामिनीला आपल्या लहान मुलाचा ताबा हवा असतो. राज्याचा न्यायमंत्री दुर्जय तो नाकारतो. हे काम चंद्रमोहनने केलंय, त्याचे डोळे एकदा बघाच. मग सौदामिनी राज्य सोडते, माणसं जमवते आणि थेट राज्याच्या जहाजांवर हल्ले करते. एका जहाजावर दुर्जय तिच्या हाती लागतो. त्याला ती कैद करतेच, पण त्याचा एक पायही तोडायला लावते. १९३६ च्या सिनेमात, एका बाईच्या हुकमावरून! त्याच जहाजावर राजकन्या नंदिनी असते, शांता आपटे. पुढचं तुम्ही बघा.

मला यात अडकवलं ते कारणाने. चाच्यांच्या बाकी गोष्टींत खजिना असतो, नकाशा असतो, बेट असतं. इथे भांडण एकाच प्रश्नाचं आहे: मूल कोणाचं?

दुर्गाबाई तेव्हा तिशीच्या आसपास होत्या. चांगल्या घरातल्या, सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या. घरावर वाईट दिवस आले, दोन मुलगे वाढवायचे होते, म्हणून सिनेमात आल्या. चांगल्या घरातल्या बाईने सिनेमात जाणं तेव्हा लोकांना पचत नव्हतं. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई त्याच, 'बॉबी'तल्या मिसेस ब्रॅगॅन्झाही त्याच. १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. मुलासाठी पेटून उठलेली आई ज्या बाईने उभी केली, ती स्वतः मुलांसाठी कॅमेऱ्यासमोर उभी होती. हे कळल्यावर तो चेहरा मला वेगळाच दिसायला लागला.

आता घरचं.

दिवाळीत चिखलीला गेलो होतो. दुपारी आई मशीनवर बसली होती, ब्लाऊजना हुक लावायचं काम चालू होतं. मी म्हटलं, "आई, एक जुना पिक्चर दाखवतो." फोन तेलाच्या डब्याला टेकवून ठेवला. प्रिंट खराब, आवाजात खरखर. ती कामातून मान वर करून बघत होती. ताब्याचा विषय निघाला तशी मशीन थांबली.

थोडं मागे जातो. मी सहा वर्षांचा असताना आई मला घेऊन मामाकडे चिखलीला आली. का आली ते इथे नको. घटस्फोट झाला नव्हता, कागद काहीच नव्हते. २००७ मध्ये मी चौथीत, स्कॉलरशिपमध्ये नंबर आला. खातं उघडायला आई आणि मी बँकेत गेलो. काउंटरवरच्या माणसाने फॉर्म बघितला आणि म्हणाला, "पालक म्हणून वडिलांची सही लागते." आई म्हणाली, "मी आई आहे ना." तो म्हणाला, "ताई, तुमची चालत नाही." मागे रांग होती. मला वाटलं, आता आई भांडेल. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडणारी आई ती. पण तिने फॉर्मची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "चाल."

घरी येताना मी रडत होतो. त्या दिवशी मी ठरवून टाकलं की आपली आई भित्री आहे. आणि खरं सांगतो, विशीपर्यंत मी हे मनात धरून होतो.

आता कायद्याचं बघा, कारण हे मी नंतर वाचलं आणि डोकं फिरलं. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, कलम ६. नैसर्गिक पालक आधी वडील, आणि 'त्यांच्यानंतर' आई. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे राहील, असंही त्यातच आहे. म्हणजे मूल सांभाळायचं आईने, सही करायची वडिलांनी. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला, पालक म्हणून स्वतः सही केली. बँकेने वडिलांची सही मागितली. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये निकाल लागला: 'त्यांच्यानंतर' म्हणजे वडील वारल्यानंतर असं नाही, वडील उपलब्ध नसतील किंवा मुलाकडे बघतच नसतील तरीसुद्धा आईच पालक.

१९९९! आम्ही बँकेत गेलो २००७ मध्ये. सुप्रीम कोर्टात अपडेट येऊन आठ वर्षं झाली होती, आमच्या काउंटरवर ते इन्स्टॉलच झालं नव्हतं.

दिवाळीच्या त्या दुपारी हे सगळं मी आईला सांगितलं. म्हटलं, "तू तेव्हा भांडली असतीस तर जिंकली असतीस." ती बराच वेळ काही बोलली नाही. स्क्रीनवर सौदामिनी हुकूम सोडत होती. मग आई म्हणाली, "मले सही मागायला जायाचंच नव्हतं. सही मागतली असती तं तो म्हणला असता, सही पाह्यजे ना, मंग पोरगं दे. मले वाटे, कागदावर तुह्या बापाचा हक्क मोठा हाय. मंग कोण थांबोणार होतं त्याले? पैशे गेले तं गेले."

स्कॉलरशिप किती होती ते आता आठवतही नाही. तिने ती सोडली, कारण तिला मी हवा होतो.

मी कित्येक वर्षं तिला भित्री समजलो, आणि ती त्या काउंटरसमोर तेच भांडण लढत होती जे सौदामिनी जहाजावर लढते. सौदामिनीकडे तलवार होती, माणसं होती. आईकडे एक पिशवी होती आणि गप्प बसणं होतं.

मी "सॉरी" म्हटलं. ती म्हणाली, "कायचं सॉरी? तू पोरगा होता." आणि मग लगेच, "पण पाय तोडाले नाई पाह्यजे होता तिनं. त्याचीबी माय असन ना." घ्या! एवढा मोठा सिनेमा आणि आईने रिव्ह्यू दिला एका वाक्यात. मला वाटतं शांतारामबापूंनाही तो पटला असता, कारण पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्यांनी 'कुंकू' काढला. तो मात्र कादंबरीवरचा, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरचा. आपल्या 'अमर ज्योती'तली नंदिनी, म्हणजे शांता आपटे, तिथे म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा आहे. तीही नाही म्हणते, पण घराच्या चार भिंतींत, हातात शस्त्र नसताना. मला 'कुंकू' जास्त मोठा सिनेमा वाटतो. आईला अजून दाखवायचाय.

एक शेवटची गोष्ट. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचा नियम झालाय. मी त्यात बसत नाही, वयाने. माझ्या डिग्रीवर मधे वडिलांचंच नाव आहे. पण या पॉडकास्टच्या या भागात बोलणाऱ्याचं नाव आम्ही नव्या पद्धतीने टाकलंय. आईने ते फोनवर बघितलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, "स्पेलिंग बराबर हाय."

तर 'अमर ज्योती' बघा. आवाज खरखरतो, हिंदी जुनी आहे, पहिली दहा मिनिटं धीर धरा. जमलं तर आईसोबत बघा, आणि मधे ती काही बोलायला लागली तर सिनेमा पॉज करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!