शब्दांच्या गर्दीतून स्वभावाकडे
माणसाचा स्वभाव सांगायला किती शब्द लागतात? १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोशातून असे जवळपास १८ हजार शब्द वेचले. पुढे मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी ती यादी आटवत नेली आणि तिला घटक विश्लेषणाचं गणित लावलं. बोलका माणूस बहुधा उत्साहीही असतो, चारचौघांत रमतो. असे गुण सतत एकत्र आढळले, तर त्यांच्या मुळाशी एकच घटक असावा, हे त्यामागचं तत्त्व. कॅटेलना १६ घटक दिसले. १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना मात्र पाचच पुन्हापुन्हा सापडले. गणित फक्त गट दाखवतं, त्यांना नावं संशोधक देतो. म्हणून अशा घटकांवर बेतलेल्या स्वभावचाचणीचा निकाल कुणाच्या कपाळावरचा शिक्का मानू नका.